स्वमग्न मूल आणि आपला पहिलीचा वर्ग



मागच्या शिक्षण परिषदेत चहाच्या सुट्टीत आमच्या केंद्रातल्या एका ताईंनी एक प्रश्न टाकला. "माझ्या वर्गात एक मुलगा आहे. नावाने हाक मारली तर मान वळवत नाही. पण खालून घंटागाडी गेली की तिचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो. बहिरा म्हणावं तर ऐकतोय, बुद्धीने कमी म्हणावं तर शंभरपर्यंत आकडे वाचतो. नक्की समजायचं काय?" तिथल्या तिथे चार उत्तरं आली. लाडावलेला असेल. मोबाईल काढून घ्यायला सांगा. दुसरीपर्यंत थांबा, मुलं आपोआप सुधारतात. आणि चौथं, एका अनुभवी सरांचं: "विशेष शिक्षकांना कळवा आणि मोकळ्या व्हा. तो आपला विषय नाही."

पहिल्या तीन उत्तरांकडे मी पुढे येते. चौथ्याचं आधी बोलू. आईबाबांसमोर एकच मूल असतं, फार तर दोन. डॉक्टरांसमोर ते दहा-पंधरा मिनिटं असतं, तेही बहुतेक वेळा तापाने फणफणलेलं. एकाच वयाची चाळीस मुलं, रोज पाच तास, एकाच खोलीत फक्त आपण बघतो. सहा वर्षांचं मूल साधारण काय करतं हे आपल्याला पुस्तकात शोधावं लागत नाही. म्हणून "याचं काहीतरी वेगळं आहे" हे आपल्या लक्षात येतंच. निदान करणं आपलं काम नाही, तो अधिकारही आपल्याला नाही. पण जे दिसलं ते नीट लिहून ठेवायचं आणि पालकांपर्यंत नीट पोचवायचं, हे आपल्याशिवाय कोण करणार?

आमच्या वेळी डीएडला विशेष गरजा असणाऱ्या बालकांवर एक घटक होता आणि परीक्षेला त्यावर टीप यायची. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद असे प्रकार पाठ केलेले आठवतात. स्वमग्नता जेमतेम चार ओळींत. त्यात नवल नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण २०११ च्या जनगणनेत तिचा वेगळा रकाना नव्हताच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि त्यात स्वमग्नता स्पष्टपणे आली. म्हणजे आज चाळिशीत असलेली स्वमग्न माणसं शाळेत होती तेव्हा सरकारी कागदावर त्यांना नावच नव्हतं. ती बहुतेक "मतिमंद" म्हणून नोंदली गेली किंवा "वेडगळ" म्हणून घरी बसली.

आता हा शब्द. "स्वमग्न" हा शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं मूल आपल्याच नादात, आनंदात आहे, हवं तेव्हा बाहेर येईल. तसं नसतं. मेंदूची वाढच थोड्या वेगळ्या रीतीने होते आणि ती लहानपणापासूनच तशी असते. त्याच्या दोन बाजू. एक म्हणजे दुसऱ्या माणसाशी देवाणघेवाण अवघड जाते, मग ती शब्दांची असो, नजरेची असो की खाणाखुणांची. दुसरी म्हणजे तेच तेच करण्याची, ठरलेलं न बदलण्याची ओढ आणि आवाज, उजेड, स्पर्श, चव यांची नेहमीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणीव. काही मुलांना बुद्धीची अडचण सोबत असते, काहींना अजिबात नसते. काही अखंड बोलतात, काही कधीच बोलत नाहीत. म्हणून दोन स्वमग्न मुलं एकमेकांसारखी दिसत नाहीत आणि आपण गोंधळतो. पालकसभेत मला हमखास विचारतात, "म्हणजे 'यलो' सिनेमातल्या मुलीसारखं का?" नाही, त्यातल्या गौरी गाडगीळला डाऊन सिंड्रोम आहे. "मग 'तारे जमीं पर'?" नाही, ते डिस्लेक्सियावर आहे. आपल्याकडे सगळं एकाच पोत्यात भरायची सवय आहे.

चार वर्षं कुठे जातात

भारतात याचं प्रमाण किती? पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. स्वमग्नतेचं प्रमाण साधारण शंभरात एक असं निघालं. माझ्या वर्गाचा पट ४१ आहे. म्हणजे हिशोबाने दर दोन-तीन वर्षांत असं एक मूल माझ्या समोर येणारच. तुमच्याही.

माझ्याकडे तो तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आला. नाव इथे लिहीत नाही. वडील रिक्षा चालवतात, आई दोन सोसायट्यांत पोळ्यांची कामं करते, घरात आजी. सहा वर्षं पूर्ण. पहिल्या दिवशी बाकी मुलं रडत होती, हा रडला नाही. दाराच्या बिजागरीकडे बघत दार उघडायचा, लावायचा, उघडायचा. पहिल्या आठवड्यात मी सवयीने वर्गाला "हाताची घडी, तोंडावर बोट" सांगितलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, सगळे डबे घेऊन पळाले. हा तसाच बसलेला, ओठावर बोट. "बोट काढ, डबा उघड" असं सांगितल्यावर त्याने बोट काढलं आणि डबा उघडला. खायला सुरुवात मात्र "आता जेव" म्हटल्यावर. बाकीच्या चाळीस जणांना घंटा म्हणजे घडी सुटली हे कोणी शिकवलेलं नव्हतं. यालाच ते कळलेलं नव्हतं.

नंतर त्याच्या आईने मागचं सांगितलं. दीड वर्षाचा असताना तो "आई", "पापा", "काऊ" म्हणायचा. "दिवाळीत बोलत होता मॅडम, संक्रांतीपर्यंत सगळं बंद." हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आलेले शब्द जाणं ही थांबून बघण्याची गोष्ट नाही. कोणत्याही वयात बोली, नजर किंवा टाटा करण्यासारखी आलेली सवय गेली तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जावं. पण घरात झालं ते आपल्या सगळ्यांच्या घरात होतं तेच. आजीने वेखंड उगाळून चाटवलं. पोपटाने खाल्लेला पेरू आणला. "याचा बापपण चार वर्षांनी बोलला" हे तर ठरलेलंच. तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरांनी कानाची तपासणी करायला सांगितली, ती नॉर्मल आली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विषय संपला. खरं तर विषय तिथून सुरू व्हायला हवा होता. कान चांगले आहेत, तरी हाकेला उत्तर नाही. मग का नाही? त्यानंतर एका खासगी बालवाडीने तीन महिने ठेवून "दुसरीकडे बघा" सांगितलं. असा तो सहा वर्षांचा झाला.

दोन ते सहा या वयात भाषा आणि खेळ झपाट्याने वाढतात, म्हणून मदतीसाठी ही वर्षं मोलाची. सहाव्या वर्षी सुरू केलेलं वाया जात नाही. पण दोन वर्षांच्या मुलाला खेळता खेळता जे शिकवता येतं त्याला सहाव्या वर्षी दुप्पट कष्ट पडतात, आणि तोवर वाकड्या सवयीही घट्ट होतात.

घरात लहान बाळ असलेल्या पालकांनी आणि अंगणवाडीताईंनी काय बघावं? एक वर्षाचं बाळ नावाने हाक मारली की वळून बघतं. टाटा करतं, बुवा-कुक खेळात हसतं. दीड वर्षाचं मूल बोट दाखवतं, आणि ते दोन कारणांनी. "मला ते दे" म्हणून एक आणि "आई, बघ ना!" म्हणून दुसरं. हे दुसरं बोट महत्त्वाचं. गॅलरीत घेऊन "चांदोबा बघ" म्हटलं की मूल आधी आपल्या बोटाकडे, मग चंद्राकडे आणि मग आपल्या तोंडाकडे बघतं. ही तिहेरी नजर फार मोठी गोष्ट आहे. स्वमग्न मूल पुष्कळदा बोट दाखवत नाही, आईचा हात मनगटाला धरून पाण्याच्या माठापर्यंत नेतं. आईला वाटतं किती हुशार! हुशार आहेच, पण आईच्या तोंडाकडे ते बघत नाही, तिचा हात पकडीसारखा वापरतं. एवढ्या एका गोष्टीवरून काहीच ठरत नाही. अशा चार गोष्टी एकत्र दिसल्या तर दाखवून घ्यायला हरकत काय?

सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची साधी यादी आहे, पालकांनी हो किंवा नाही उत्तर द्यायचं. ती चाळणी आहे, निदान नाही. चाळणीत अडकलेलं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. सरकारी पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब असे त्यांचे चार गट आहेत. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. आता गंमत बघा. पथक आलं की आपण मुलांना रांगेत उभं करतो, वजन, उंची, दात, डोळे. स्वमग्न मूल रांगेत गप्प उभं राहिलं तर दोन मिनिटांत त्यांना काय दिसणार? पथकातल्या डॉक्टरांना आपणच बाजूला घेऊन "हा मुलगा जरा निवांत बघा, आणि ही माझी वही वाचा" असं सांगायला हवं.

ती वही

वहीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात उपयोग तिचाच झाला. आपल्या शिक्षकांची लेखणी विशेषणांची असते. हट्टी आहे, चंचल आहे, लक्ष देत नाही, मिसळत नाही. प्रगतिपुस्तकामुळे ती सवय लागली आहे. पण "हट्टी" या शब्दाचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. त्याऐवजी असं लिहावं: "११.२० ला मधल्या सुट्टीची घंटा. दोन्ही कान झाकले, बाकाखाली गेला, चार मिनिटांनी आपणहून बाहेर." "आज त्याची बाकाची जागा बदलली, तेवीस मिनिटं रडला, जुनी जागा दिल्यावर लगेच थांबला." "पाणी हवं होतं तेव्हा म्हणाला, पाणी पाहिजे तुला?" आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. बस. तीन आठवडे रोज दोन नोंदी लिहिल्या तरी पुरे. चांगल्या गोष्टीही लिहाव्यात. तो दुसऱ्या दिवशीच सगळ्या मुलांचे हजेरी क्रमांक तोंडपाठ सांगत होता, नावं नाही. हेही वहीत होतं.

एनसीईआरटीने २०२२ मध्ये "प्रशस्त" नावाचं ॲप काढलं आहे. त्याचा पहिला भाग आपल्यासारख्या वर्गशिक्षकांनी भरायचा आणि दुसरा विशेष शिक्षकांनी. एकवीस दिव्यांगत्वांचा त्यात विचार आहे. भरावं, जरूर भरावं. पण ॲप भरून झालं की काम झालं असं वाटायला लागतं, तो धोका मला वहीत कमी दिसतो.

पालकांशी बोलताना मी "ऑटिझम" हा शब्द वापरला नाही. तो डॉक्टरांनी सांगायचा. आईला एकटीला बोलवायचं नाही हेही ठरवलं, कारण घरी जाऊन पुन्हा सगळं तिनेच सांगायचं आणि सगळ्यांचं ऐकूनही तिनेच घ्यायचं. दोघांना बोलावलं, संध्याकाळी, मुलं गेल्यावर. आधी तो काय काय करतो ते सांगितलं, मग वही दिली. वडिलांनी सगळी पानं वाचली. मग विचारलं, "म्हणजे माझा पोरगा वेडा आहे का?" मी म्हटलं, "नाही दादा. त्याला आपलं बोलणं वेगळ्या रीतीने पोचतं असं दिसतंय. नेमकं काय ते तपासल्यावर कळेल. कळलं की मला त्याला शिकवणं सोपं जाईल." आई इतका वेळ गप्प होती. ती एवढंच म्हणाली, "मी मोबाईल दिला म्हणून झालं का हे?"

इथे ते पहिलं-दुसरं उत्तर आलं बघा. मोबाईलने, टीव्हीने, लाडाने, आईच्या नोकरीने स्वमग्नता होत नाही. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या नोंदी पहिल्यांदा लिहिल्या, तेव्हा मोबाईल सोडा, घरोघरी टीव्हीही नव्हता. त्यानंतरची कित्येक वर्षं पाश्चात्त्य देशांतही आईच्या कोरड्या वागण्याला दोष दिला गेला, पुढे ते साफ चुकीचं ठरलं. लसीचंही तसंच. गोवराच्या लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा निबंध लॅन्सेट या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरी २०१८ मध्ये शाळांतून गोवर-रुबेला मोहीम झाली तेव्हा हीच भीती पालकांच्या तोंडून ऐकली. पडदा कमी करावाच, कारण तो बंद असतो तेव्हा मुलाशी बोललं जातं. पण आईच्या डोक्यावर अपराधाचं ओझं ठेवून आपण मुलाला मदत करणाऱ्या माणसालाच मोडून टाकतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

कागद यायच्या आधी

तपासणीला तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. आपल्या पुण्यात सोयी तशा आहेत. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं टीडीएच मॉरिस बालविकास केंद्र आहे, प्रसन्न ऑटिझम सेंटर बरीच वर्षं याच मुलांसाठी काम करतंय, गणेशखिंड रस्त्यावरच्या बालकल्याण संस्थेत दिव्यांग मुलांना खेळायला, पोहायला मिळतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ससूनला जावं लागतं. पण रांग सगळीकडे आहे, आणि रिक्षा बंद ठेवून जायचं म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली.

या दोन महिन्यांत वर्गात बसून वाट बघण्याचं कारण नव्हतं. स्वमग्न मुलासाठी जे करतात त्याने स्वमग्न नसलेल्या मुलाचं काही बिघडत नाही. मी जुन्या दिनदर्शिकांच्या पाठकोऱ्या पानांवर दिवसाची चित्रं चिकटवली. परिपाठ, भाषा, गणित, खिचडी, खेळ, घर. प्रत्येक गोष्ट झाली की तो चित्र काढून खोक्याच्या डब्यात टाकायचा. पुढे काय येणार हे दिसायला लागलं तसं रडणं कमी झालं. सगळं थांबलं नाही, कमी झालं. विशेष म्हणजे ते चित्रांचं वेळापत्रक वर्गातली दहा-बारा मुलं तरी रोज बघायची. तालुक्यातून नवीन आलेली एक मुलगी तर त्यावरूनच "मधली सुट्टी कधी?" ते समजून घ्यायची.

परिपाठाला मात्र अडचण होती. ध्वनिक्षेपक त्याच्या कानाशी. त्याला रांगेच्या शेवटी, व्हरांड्यात उभं केलं. प्रतिज्ञा तो तिथून खणखणीत म्हणतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात दुसरं संकट म्हणजे ढोल-ताशा. आमच्या शाळेमागच्या मैदानात पथकाचा सराव सुरू होतो, आमची दुपारची शाळा सुटायच्या वेळेलाच. गणपती आपल्याला कितीही प्रिय असले तरी या मुलाला तो आवाज डोक्यात हातोडी मारल्यासारखा लागतो. त्याच्या वडिलांनी बांधकामावर वापरतात तसलं कानावरचं जाड झाकण मिळवलं. पहिल्या दिवशी मुलं हसली. मी सगळ्यांना एकेकदा घालायला दिलं, मग हसू संपलं आणि "मला पण हवं" सुरू झालं.

खिचडीचंही सांगते. पिवळी खिचडी तो खात नसे, पांढरा भात खायचा. "नाटकं करतो" असं आमच्या स्वयंपाकाच्या मावशींचं मत होतं. रंग आणि वास यांचा त्रास खरा असतो हे पटायला त्यांना महिना लागला. पटल्यावर मात्र त्या आपणहून फोडणीआधी त्याचा वाटीभर भात काढून ठेवायला लागल्या.

आता भाषेबद्दल, कारण यावर मराठीत फारसं कोणी लिहिताना मला दिसत नाही. स्वमग्न मूल पुष्कळदा ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतं. आई विचारते, "पाणी पाहिजे तुला?" म्हणून मूलही तहान लागली की "पाणी पाहिजे तुला?" म्हणतं. हे चिडवणं नाही, तीच त्याची मागणी आहे. मराठीत त्यात आणखी एक गाठ आहे. आपली क्रियापदं बोलणारा मुलगा की मुलगी त्यावर बदलतात. माझा हा मुलगा दिवसभर आईचं ऐकून "मी येते", "मी जेवते" म्हणायचा. मुलं हसायची. त्याला "असं नाही बोलायचं" सांगून उपयोग नव्हता. शेजारच्या बाकावरच्या मुलाला मी सांगितलं, याच्याबरोबर जाताना प्रत्येक वेळी मोठ्याने "मी जातो" म्हण. म्हणजे उसनं घ्यायला त्याला योग्य वाक्य मिळालं. सहा महिन्यांनी "मी येतो" आलं.

दुसरी अडचण उपचारांच्या भाषेची. त्याला जिथे वाचा-उपचार मिळाले तिथे सगळं इंग्रजीत. "सिट", "गिव्ह मी", "रेड", "गुड जॉब". घरी लाल, चेंडू आणि "शाब्बास रे माझ्या वाघा". आईला सांगितलं होतं की एकच भाषा ठेवा, तीही इंग्रजी. आता ती बाई स्वतः सातवी शिकलेली, ती काय इंग्रजी बोलणार? परिणाम असा झाला की ती त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं नुकसान होतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट घरच्या माणसांनी घरच्या भाषेत भरपूर बोलणं जास्त गरजेचं. मी आईला तेच म्हटलं, आणि तिथल्या ताईंना विनंतीची चिठ्ठी लिहिली: तुमच्या वीस शब्दांची यादी द्या, आम्ही शाळेत आणि घरी तेच मराठीत घेतो. त्यांनी दिली. बोलत नसलेल्या किंवा कमी बोलणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईने तयार केलेलं "जेलो" हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं मोफत ॲप आहे, त्यात मराठीही आहे. मोबाईलचा हा उपयोग मला मान्य आहे.

आपली बोलण्याची पद्धतही तपासून घ्यावी लागते. "डोळ्यांत तेल घालून बघ" म्हटलं तर तो घाबरून डोळे झाकतो. "वर्गात मासळी बाजार भरलाय" म्हटलं तर मासे शोधतो. "जरा थांब" यातला जरा म्हणजे किती हे त्याला कळत नाही, "काटा सहावर येईपर्यंत थांब" हे कळतं.

निदान झालं त्याचे तपशील इथे नको. पण मोजमाप कसं होतं ते पालकांना माहीत असावं. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी इसा हे भारतीय मापन वापरतात. चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, म्हणजे कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २००. सत्तरच्या खाली स्वमग्नता धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलं की कायद्यातले मुख्य लाभ मिळतात. ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण हा त्यातलाच एक हक्क. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं आणि उपचारांच्या सत्रांचा काही खर्च निघतो. या मुलाच्या घरी एका सत्राचे ७०० रुपये सांगितले होते, आठवड्याला तीन सत्रं. रिक्षावाल्याच्या घरात हा हिशोब कसा बसणार ते तुम्हीच बघा. "शिक्का बसेल" म्हणून वडील प्रमाणपत्राला वर्षभर तयार नव्हते. त्यांची भीती मला समजते, शिक्का बसतोच कधी कधी. पण कागद नसताना त्या बालवाडीने त्याला काढलंच होतं की. स्टेम सेलचे लाखो रुपयांचे उपचार कोणी सुचवले तर मात्र पालकांनी थांबावं. स्वमग्नतेसाठी तो मान्य उपचार नाही.

मुलींबद्दल एक गोष्ट. निदान होणाऱ्यांत मुलगे मुलींच्या तिप्पट-चौपट असतात, पण त्याचं एक कारण असंही आहे की मुली झाकल्या जातात. शांत बसते, त्रास देत नाही, दुसऱ्यांचं बघून करते, म्हणजे गुणी मुलगी. वर्षभर मैत्रीण नसलेली, मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून रोज तोच खेळ खेळणारी गुणी मुलगी तुमच्या वर्गात असेल तर तिच्या नावानेही एक वही काढा.

तो आता तिसरीत आहे. मराठी वाचतो, गणितात वर्गाच्या पुढे आहे, शाब्दिक उदाहरणं अजून अडतात. "रामकडे पाच आंबे होते" म्हटलं की राम कोण, कोणत्या वर्गातला, हे त्याला आधी हवं असतं. एक मित्र आहे, तोच शेजारच्या बाकावरचा. दोघांचा खेळ म्हणजे पीएमपीच्या बसचे क्रमांक आणि त्या कुठून कुठे जातात ते. घंटेला अजून कान झाकतो, पण बाकाखाली जात नाही. विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येतात, त्यांच्याकडे बऱ्याच शाळा आहेत, तरी ते त्याची वही दर वेळी बघून दोन ओळी लिहून जातात. वहीचा आता तिसरा भाग चालू आहे. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला कुठे घालायचं हा आईचा सध्याचा प्रश्न आहे. मोठ्या शाळेत विषयागणिक शिक्षक बदलतात आणि दर तासाला घंटा होते. दिवाळीनंतर आम्ही तिघं, म्हणजे ते दोघं आणि मी, जवळच्या दोन शाळा शाळा चालू असताना बघून येणार आहोत. घंटा केवढ्याने वाजते तेही ऐकायचं आहे.